चारही पाय जमिनीवर

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिताना मोठ्याने बोलायची मला सवय आहे, आणि नाव कानावर पडलं की तो असेल तिथून उठून येतो. सध्या तो पंख्याखाली पसरला आहे. त्याला तिथेच राहू द्यावं.

तो आमच्याकडे आला तो माझ्या मर्जीविरुद्ध. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. एका संध्याकाळी ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली आणि म्हणाली, "आठच दिवस, मम्मी." पुढे तिला पुण्याला नोकरी लागली, ती गेली, आणि ते आठ दिवस अजून संपायचे आहेत. तो अर्धा लॅब्रडॉर आणि अर्धा आमच्याच लेआउटच्या गल्ल्यांतला. एका बाजूने त्याला वजन मिळालं आणि दुसऱ्या बाजूने उत्साह. पहिले काही महिने मी त्याच्याशी बोलत नसे. आता दिवसभरात नवऱ्याशी बोलते त्याहून जास्त त्याच्याशी बोलते, आणि हे नवऱ्यालाही माहीत आहे.

त्याला एकच खोड होती. माणूस दिसला की तो उडी मारायचा. चावणं नाही, गुरगुरणं नाही, नुसतं प्रेम. पुढचे दोन्ही पाय समोरच्याच्या छातीवर, तोंड तोंडापाशी, आणि शेपटी अशी की बाजूच्या टेबलावरचा कप खाली. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन आला की आधी फाटकाबाहेरून ओरडायचा, "मॅडम, पहले उसको पकडो!" मीटर बघायला येणाऱ्या माणसाने तर सरळ शेजाऱ्यांच्या गच्चीवरून दुर्बीण लावावी, अशी पाळी आली होती. आमच्या मुख्याध्यापिका बाई एकदा रेशमी साडी नेसून आल्या आणि त्यानंतर पुन्हा कधी आल्या नाहीत.

यात आमच्या माणसांचाही दोष आहे. शर्टाची वाट लागत असते, चष्मा नाकावरून घसरलेला असतो, आणि पाहुणा म्हणतो, "राहू द्या हो, काही होत नाही." वर त्याच्या पाठीवर थाप मारतो. काही होत नाही कसं? होतं. कुत्र्याला वाटतं, आपलं स्वागत फारच आवडलं, पुढच्या वेळी आणखी उंच जाऊ.

मी शाळेत गणित शिकवते. तीस वर्षं होत आली. आठवीचा पंचावन्न पोरांचा वर्ग, शेवटचा तास, बाहेर उन्हाळा, तरी मी दारात उभी राहिले की वर्ग गप्प होतो. माझा आवाज तसा आहे आणि स्वभावही तसाच आहे. हा एक विद्यार्थी मात्र मी दारात उभी राहिले की चेकाळायचा. मी ओरडले की त्याला वाटायचं मीही खेळात सामील झाले.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या थंडीत माय पडली.

माय म्हणजे माझी आई. ती उमरेडला माझ्या धाकट्या भावाकडे राहते. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, ती हळूहळू चालायलाही लागली. डॉक्टरांनी सोडताना एवढंच बजावलं की दुसऱ्यांदा पडता कामा नये. भावाने ते वाक्य मनावर घेतलं. त्याने घरातल्या पायपुसण्यासुद्धा उचलून टाकल्या.

दसऱ्याला आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर यायचं म्हणून उमरेडकडचे सगळे नातेवाईक आदल्या दिवशीच येऊन उतरतात. गच्चीवर सतरंज्या, अंगणात पिण्याच्या पाण्याचे रांजण, आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. माय तर छप्पन साली तिच्या वडिलांच्या खांद्यावर बसून आली होती. तिला त्यातलं काही आठवत नाही, फक्त फार तहान लागली होती एवढं आठवतं. त्यानंतर तिचं येणं दोनदाच चुकलं. एकदा माझ्या जन्माच्या वेळी आणि एकदा करोनात. बाकी दरवर्षी पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, आणि एसटीतून उतरली की थेट माझ्याकडे; कुत्रा आल्यापासून फाटकातच त्याची उडी आणि तिच्या लाडाच्या शिव्या.

जुलैत मी भावाला फोन केला. म्हटलं, यंदा तिला दसऱ्याच्या आधी आण आणि दिवाळीनंतर ने. इथे व्यायाम शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, घरी येतात, महिना-दीड महिन्यात पायात ताकद येईल.

"ताई, आणतो ना," भाऊ म्हणाला. "पण ते कुत्रं हाय तोवर नाही आणत."

"त्याला बांधून ठेवीन."

"दीड महिना? सोडलं नाही कोणी चुकून? एक उडी मारली ना त्यानं, तर माय जाते खाली. मी रिस्क घेत नाही."

मागून मायचा आवाज आला, "मी येतो, सांग तिले. कुत्र्याचं काय घेऊन बसला?" पण फोन भावाच्या हातात होता. तो म्हणाला, "ती तं काईही म्हणते. तू पाह्य काय करतं ते."

राग आला, पण त्याचं चुकत नव्हतं. आठ महिने रात्रंदिवस त्याने आणि वहिनीनेच केलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं कन्हानला शेत आहे. तो कुत्रा घ्यायला तयार होता, राखणीला. पण म्हणाला, द्यायचा तर कायमचा द्या, दीड महिन्यासाठी जीव लावून घेणं मला जमत नाही. तेही खरंच होतं. मी दोन रात्री नीट जेवले नाही. मला माय पाहिजे होती आणि मला कुत्राही पाहिजे होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी असला हट्ट शोभत नाही, पण होता.

म्हणून मी ठरवलं, याला शिकवायचं. दसऱ्याला अडीच महिने होते. अडीच महिन्यांत मी नापास पोरांना दहावी पार करून दिली आहे.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी नियम सांगितला, तो इतका साधा होता की मला शंकाच आली. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड. उडी मारली की पाठ फिरवायची. बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. खाली बसला की लगेच काहीतरी खायला. "आणि घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागायचं," त्या म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलं होतं, हे मला फार नंतर लक्षात आलं.

शाळेतून आले की रोज संध्याकाळी वीस वेळा मी माझ्याच फाटकातून आत यायची. फाटक उघडायचं, आत यायचं, उडी आली की वळायचं. पहिले चार दिवस त्याने माझ्या पाठीवर उड्या मारल्या. मी वळायची, तो फिरून पुढे यायचा. मी पुन्हा वळायची. अंगणात आमचा दोघांचा असा गोल गोल कार्यक्रम चाले आणि समोरच्या बंगल्यातले आजोबा खुर्ची पुढे ओढून बसत. पाचव्या दिवशी तो थकला आणि बसला. मी टोस्टचा तुकडा दिला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की एवढंच पाहिजे होतं तर आधी सांगायचं ना.

मग भराभर जमत गेलं. वहीत मी रोजची नोंद ठेवली होती, वीसपैकी किती. आठ, अकरा, पंधरा. ऑगस्टअखेर वीसपैकी वीस. गॅसवाला आला, कुत्रा बसून राहिला, गॅसवाला घाबरला. "बीमार है क्या?" म्हणाला.

पण माय वॉकर घेऊन येणार, पांढऱ्या साडीत येणार. त्याचीही तालीम हवी. मी गांधीबागेच्या कापडबाजारातून एक साधी सुती पांढरी साडी आणली आणि ओळखीच्या एका घरातून जुना वॉकर मागून आणला. रोज संध्याकाळी साडी नेसून, वॉकर ठोकत, कंबरेत वाकून मी फाटकातून आत येऊ लागले. साडीवर पंजा उमटला की त्या दिवसाचा पेपर नापास.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू धावत आल्या. "अवं बाई, कुठं पडली वं? सांगतलं नाही काहून?"

मी सांगितलं की पडले नाही, कुत्र्याला शिकवते आहे. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. दुखणं लपवायला माणसं काय काय सांगतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि मुगाचं वरण येऊ लागलं. मी दोनदा नको म्हटलं. वरण फार छान होतं, मग मीही म्हणायचं सोडलं. कुत्रा त्यांच्यासमोर शहाण्यासारखा बसायचा.

सप्टेंबरच्या एका रविवारी मात्र सगळं पाण्यात गेलं. माझी चुलत नणंद आणि तिचे यजमान आले. मी निर्धास्त होते. फाटक उघडलं, कुत्रा बसला. दोघं दारापर्यंत आली, तरी बसलेला. मी मनातल्या मनात वीसपैकी एकवीस दिले. नणंदेने हसून हात जोडले, "जय भीम वहिनी" म्हणाली, आणि हा बाण सुटावा तसा सुटला. तिची पर्स एकीकडे, ती एकीकडे. तिच्या यजमानांनी घाईने हात जोडले तर हा वळून त्यांच्यावर.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन नातेवाईक आले, तेच झालं. भाजीवाल्यावर नाही, मीटरवाल्यावर नाही, कुरियरवाल्यावर नाही. नेमका आपल्याच माणसांवर.

"आपले लोक ओळखते तो," नवरा कौतुकाने म्हणाला. "जीव लावते."

मला क्षणभर भरून आलं. मग आठवलं की दसऱ्याला येणारी सगळी आपलीच माणसं असतात, आणि त्यात सगळ्यात आपली ती वॉकरवाली. जीव लावत असेल तर मग कन्हान. मी त्या संध्याकाळी वही फाडायला घेतली होती. नवऱ्याने ती काढून कपाटावर ठेवली.

उलगडा काकूंमुळे झाला. वाडगा परत न्यायला त्या रिकाम्या हाताने आल्या. गप्पा झाल्या, कुत्रा पायाशी लोळत होता. निघताना त्या म्हणाल्या, "चल, येतो मी," आणि त्यांनी हात जोडले. हा उठला आणि धपकन त्यांच्या छातीवर. काकू आपल्या माणसांपैकी नव्हेत. इतके दिवस येत होत्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत वाडगा असे.

आता गणिताच्या बाईला यापुढे सांगायची गरज नव्हती. नणंद, तिचे यजमान, ते दोन नातेवाईक, काकू. सगळ्यांत सामायिक काय? मी काकूंना पोचवून स्वयंपाकघरात आले, कुत्र्यासमोर उभी राहिले आणि हात जोडले. त्याने उडी मारली. मी पाठ फिरवली, तो बसला. मी वळून पुन्हा हात जोडले. पुन्हा उडी, आणि या वेळी माझ्या जोडलेल्या तळव्यांत नाक खुपसून तो काहीतरी शोधायला लागला.

बाहेरच्या खोलीत नवरा पेपर वाचत होता. पेपर नेहमीपेक्षा वर धरला होता.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काई नाही."

"पेपर खाली घ्या."

त्याने घेतला. "अवं, तू शाळेतून यायच्या आधी मी येतो ना घरी. मंग तो उड्या मारते. तू म्हणली होती रागवायचं नाही, बोलायचं नाही. मी त्याले हात जोडून म्हणत होतो, उतर बाप्पा खाली, हात जोडतो तुले. तरी उतरे ना. मंग टोस्ट द्या लागे."

"किती दिवस?"

"पहिल्यापासूनच," तो म्हणाला.

म्हणजे सगळा अभ्यासक्रम समांतर चालला होता. पाच ते सहा मी शिकवत होते की बसलास तर टोस्ट. चार ते पाच तो शिकवत होता की उडी मार, समोरचा हात जोडील, हात जोडले की टोस्ट ठरलेला. कुत्र्याने दोन्ही विषय चोख केले होते. त्याला तर जगात अशी काही माणसं दिसत होती जी आत येताच, काही न करता, आपणहून हात जोडतात. इतकी उदार माणसं. त्यांच्यावर उडी न मारणं त्याला उद्धटपणा वाटत असणार.

मी रागावले. खूप रागावले, आणि मधेच हसू आलं म्हणून आणखी रागावले. ज्या घरात दारात हात जोडल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, त्या घरात त्याने नेमकं हेच शिकवावं! नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सवयीने हात जोडले. कुत्रा त्याच्यावर चढला.

दसऱ्याला तीन आठवडे उरले होते. आम्ही सगळं पहिल्यापासून सुरू केलं. हात जोडायचे, उडी आली की दोघांनीही वळायचं, बसला की टोस्ट, पण टोस्ट हातातून नाही, जमिनीवर. नवरा अर्धी रजा टाकून आणखी लवकर येऊ लागला. त्याला भीती वाटत होती, हे त्याने मला एकदाच सांगितलं. म्हणाला, "त्याले कन्हानले पाठवावं लागलं ना, तर ते माह्यामुळं होईन." कुणाचा कोण, अर्धा लेआउटचा कुत्रा, आणि हा पन्नाशीपुढचा सरकारी माणूस अंगणात उभा राहून त्याला पन्नास पन्नास वेळा नमस्कार करत होता. समोरच्या आजोबांनी आता चहाही बाहेरच मागवायला सुरुवात केली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी भाऊ एकटा एसटीने तपासणीला आला. मुद्दाम पांढरा शर्ट घालून. फाटकाशी थांबून त्याने हात जोडले. "जय भीम, ताई."

कुत्रा बसला. बसला म्हणजे मागचा भाग जमिनीला जेमतेम टेकवला. सगळं अंग थरथरत होतं, शेपटीने अंगण झाडून निघत होतं, घशातून बारीक आवाज येत होता, पण बसला. भाऊ मागे गेला, फाटक लावलं, पुन्हा आत आला, पुन्हा हात जोडले. असं तीनदा. चौथ्यांदा त्याने रुमाल खाली टाकला आणि उचलायला वाकला. कुत्र्याने बसल्या जागेवरून मान लांब करून त्याचा कान चाटला.

"हे चालते काय?" भावाने विचारलं.

"चारही पाय जमिनीवर आहेत," मी म्हटलं.

भाऊ आत येऊन बसला, चहा प्यायला, दोन वेळा कुत्र्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आणतो मायले." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. नवरा टोस्टचा पुडा घेऊन अंगणात गेला होता.

माय आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. यंदा एसटी नाही, गाडी करून. पांढरी साडी उमरेडहूनच नेसून आली होती. भावाने आधी वॉकर काढला, मग तिचा एक हात धरला. मी दुसरा धरला. नवरा मागे दोन्ही हात पसरून, कधीही झेलायच्या तयारीत. वहिनी पुढे उलटी चालत रस्त्यातले खडे पायाने बाजूला करत होती. "हळू, माय. हळू." आम्ही चौघंही हेच म्हणत होतो. माय दाराकडे बघत होती.

कुत्रा दाराजवळ, शिकवलेल्या जागी बसला होता. तिला पाहून त्याच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. माय त्याच्या अगदी समोर जाऊन थांबली. तो हलला नाही. मी तुम्हाला सांगते, माझी मुलगी बोर्डात आली असती तरी मला एवढं वाटलं नसतं. मी भावाकडे पाहिलं. तोही खूश होता.

मायचा चेहरा मात्र उतरला होता.

"काहून गा," ती त्याला म्हणाली, "विसरला काय मले?"

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. तो विसरला नाही, त्याला शिकवलं आहे, अडीच महिने, साडी नेसून, वॉकर घेऊन, खास तुझ्यासाठी. बोलत बोलत तिला दिवाणावर बसवलं, पाठीशी लोड दिला, पाय सरळ केले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माह्यासाठी?" ती म्हणाली.

"हो ना."

"मले विचारलं होतं कोणी?"

"माय, डॉक्टरनं काय सांगितलं होतं?" भाऊ म्हणाला.

"डॉक्टरनं पडू नको म्हणलं. मी पडली नाही." मग ती अगदी साध्या आवाजात, तक्रार नसल्यासारखं म्हणाली, "दहा महिने झाले गा. सारे मले धरतात. उठताना धरतात, बसताना धरतात, मोरीत जाताना धरतात. भेटत कोणी नाही. तुही पोरं दुरून जय भीम करतात न् पळतात, आजीले धक्का लागन म्हणून. हा एक होता. मी सारा रस्ता त्याचीच वाट पाहून राहिली होती."

वहिनीने पाण्याचा ग्लास पुढे केला, मायने तो बाजूला ठेवला.

"आता मी बसली आहो," माय म्हणाली. "बसलेलं माणूस कुठं पडते?" तिने शेजारची गादी थोपटली. "ये बापू. ये."

कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे असा बघायला लागावा म्हणून मी सारा पावसाळा घालवला होता. मी मानेनेच हो म्हटलं.

तो आला. धावत नाही, एक एक पाय टाकत. पुढचे दोन्ही पाय दिवाणावर ठेवले, मग मागचे, आणि सगळं वजन घेऊन तो तिच्या कुशीत शिरला. मायने दोन्ही हातांनी त्याची मान आवळली आणि तोंड त्याच्या कानामागे खुपसलं. भाऊ अर्धवट उठला होता, तो तसाच खाली बसला. माय हसत होती, त्याला शिव्या देत होती, आणि तिला सोडायचं नव्हतं.

गाडीतून उतरल्यापासून मी तिचा कोपर धरला होता. घट्ट, नीट, जसा दवाखान्यात शिकवतात तसा. त्याआधी उमरेडला धरला होता, त्याआधी दवाखान्यात. तिला शेवटचं जवळ कधी घेतलं होतं, ते मला कितीही आठवलं तरी आठवेना.

मी दिवाणाच्या दुसऱ्या बाजूने जाऊन बसले आणि तिच्या गळ्यात हात टाकले. ती मला वाटली होती त्याहून खूप लहान झाली होती.

"अवं, सरक," माय म्हणाली. "तुहं वजन त्याच्याहून जास्त आहे."

मी सरकले नाही.